खोसा बायकांच्या डोक्यावरचं कापड: ती मला 'मकोटी' का म्हणाली?

सुईदोरा, म्हापसा

नमस्कार. म्हापशाला बाजाराच्या मागच्या गल्लीत माझं शिवणाचं दुकान आहे. गेल्या आठवड्यात दक्षिण आफ्रिकेतली एक बाई आली, साधारण पन्नाशीची. आपण खोसा आहोत हे तिनंच सांगितलं. गडद निळ्यावर बारीक पांढरी नक्षी असलेलं कापड होतं, त्याच्या कडा दुमडून हव्या होत्या. कापड इतकं कडक की हातात धरलं तर कागदासारखं वाजायचं. उलट्या बाजूला तीन मांजरांचा छाप.

न्यायला आली तेव्हा तिनं ते तिथंच डोक्याला बांधलं. कपाळावरून मागं, मागून पुढं, टोकं आत खोचली, झालं. आरशात बघितलंसुद्धा नाही. मला हौस आली, म्हटलं मलाही बांधा. तिनं बांधलं, मग ते भुवयांपर्यंत खाली ओढलं आणि हसून म्हणाली, "मकोटी!" माझं इंग्रजी कामापुरतं, पुढचं काही कळलं नाही.

कार्निव्हालला असे फेटे तयार शिवून विकावेत असं डोक्यात आहे. काळ्या साटिनचं अर्धं थान पडून आहे, तेच वापरीन. पण त्या कापडाला काही अर्थ असेल आणि मी तो पायदळी तुडवला, असं व्हायला नको. कुणाला माहिती आहे का?

तारवटी, वास्को

ताई, मकोटी म्हणजे नवी नवरी, नवी सून. मी जहाजावर असताना दक्षिण आफ्रिकेतल्या ईस्ट लंडन बंदरात हा शब्द पुष्कळ ऐकलाय. ती तुमची थट्टा नव्हती करत, लाड करत होती.

कापडाचं नाव श्वेश्वे. पूर्वी ते युरोपातून जहाजानं यायचं. वाटेत दमट हवेनं खराब होऊ नये म्हणून खळ घालायचे, तो कडकपणा आजही मुद्दाम ठेवतात. एकदा धुतलं की मऊ पडतं. तीन मांजरांचा छाप म्हणजे खरा माल. तो करणाऱ्या तिथल्या गिरणीचं नाव दा गामा टेक्सटाइल्स. वास्कोत राहणाऱ्या माणसाला हे नाव वाचून कसं वाटलं असेल बघा.

बाकीचं फोंड्याच्या काकू सांगतील, त्या तिकडे राहून आल्यात.

फोंडेकरीण

बाय, हे नऊ वर्षं मथाथाला गणित शिकवायचे, तेव्हा मी तिथं होते. ईस्टर्न केपमधलं गाव, खोसांचा मुलूख. श्वेश्वे असो की दुसरं काही, डोक्याला बांधलं की त्या कापडाला ते 'इकिया' म्हणतात. पण 'कि' म्हणताना जीभ टाळूला लावून बुचासारखी सोडायची, टक्क असा आवाज यायला हवा. मला तो सहा महिन्यांनी जमला. डच लोकांच्या भाषेतून आलेला 'डुक' हा शब्दही सगळीकडे चालतो.

आमच्या शेजारणीच्या थोरल्या मुलाचं लग्न झालं. घरच्या बायकांनी सुनेला चटईवर बसवलं. लांब श्वेश्वेचा झगा, खांद्यावर शाल, आणि डोक्याला इकिया, अगदी भुवयांना टेकेल अशी. मग तिला नवं नाव दिलं. तिथं सुनेचं नाव बहुधा 'नो' अक्षरानं सुरू होतं. मी मागं उभी होते आणि मला माझं लग्न दिसत होतं. ताटात तांदूळ पसरून ह्यांनी अंगठीनं माझं नवं नाव लिहिलं, ते.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती सासऱ्याला चहा घेऊन आली. वाकताना कापड कपाळावरून जरा वर सरकलं. तिनं ट्रे तसाच खाली टेकवला, आधी कापड ओढून घेतलं, मग कप पुढं केला. माझी आई मामंजींसमोर पदर सावरायची, हुबेहूब तसं.

ह्या मर्यादेला ते 'ह्लोनिफा' म्हणतात. ती नुसत्या कापडापुरती नसते. सुनेनं सासऱ्याचं नाव घ्यायचं नाही, त्या नावातली अक्षरं ज्या शब्दात येतात तो शब्दसुद्धा टाळायचा आणि दुसरा वापरायचा. बायकांची त्यातून वेगळी बोलीच तयार झाली आहे. गुरांच्या गोठणात पाऊल टाकायचं नाही. माझ्या आजीच्या सासऱ्यांचं नाव विठ्ठल होतं. आजी आषाढीलासुद्धा "पंढरीचा देव" म्हणायची, म्हणून मला हे समजावून सांगावं लागलं नाही.

कापड कपाळावर किती खाली आहे त्यावरून बाईचं घरातलं स्थान कळतं. शेजारणीच्या सुनेला पहिलं बाळ झालं, तेव्हा सासूनं स्वतःच्या हातानं तिचं कापड वर सरकवलं. म्हाताऱ्या बायका तर दोन-तीन कापडं एकावर एक चढवून मोठा डौलदार फेटा बांधतात आणि लांब दांडीचा पाईप ओढत बसतात. त्यांना कुणापुढं झाकून घ्यायचं नसतं. थेम्बू, म्पोन्डो अशा शाखांच्या रंगांत आणि घड्यांतही फरक असतो, जाणत्या बाईला लांबूनच कळतं.

आता काळ्या साटिनबद्दल. ते करू नको. काळं कापड पुष्कळदा नव्या सुनेचं असतं, आणि नवरा गेलेल्या बाईचंही. ती कित्येक महिने, कधी वर्षभर, काळ्या कपड्यांत राहते, मग घरचे विधी करून ते उतरवतात. असं कापड रस्त्यावर नाचताना दिसलं तर तुझ्या त्या गिऱ्हाइकाला काय वाटेल?

आणखी एक सांगते, कारण ते मनाला लागून राहिलंय. गोऱ्यांच्या घरी कामाला जाणाऱ्या बायकांना हेच डुक नोकराणीची खूण म्हणून बांधावं लागायचं. आणि 9 ऑगस्ट 1956 ला काळ्या बायकांवर ओळखीचा पास बाळगण्याची सक्ती करणाऱ्या कायद्याविरुद्ध प्रिटोरियाला सुमारे 20,000 बायका सरकारच्या दारात अर्धा तास गप्प उभ्या राहिल्या. त्या फोटोंत बघ, किती डोक्यांना डुक बांधलेलं आहे. माझी शेजारीण ते फोटो दाखवायची तेव्हा तिचा आवाज बदलायचा.

सगळ्या मुलींना हे आवडतं असं मात्र नाही. तीच सून पुढं बँकेत लागली. ऑफिसात डोकं मोकळं, आणि घराच्या फाटकापाशी गाडी थांबवून आरशात बघून कापड बांधायची. एकदा मला म्हणाली, सासूसाठी बांधते, सासऱ्यासाठी नाही. मला ते पटलं.

सुईदोरा, म्हापसा

काकू, वाचताना अंगावर काटा आला. माझंही नाव तांदळातच बदललं होतं. साटिन आता उशांच्या अभ्र्यांना वापरीन.

पण तयार शिवलेले सोडून नुसतं सुती कापड विकलं आणि बांधायला शिकवलं तर चालेल का? रंगीत, फुलाफुलांचं, काळं अजिबात नाही.

फोंडेकरीण

चालेल गो. रंगीत डुक तिथं बायका बाजारात, चर्चला, सणासुदीला हौसेनं बांधतात, पोरीबाळीसुद्धा. शिवलेल्या टोपीत फक्त बांधणंच नाहीसं होतं, म्हणून मला ती नको वाटत होती. कपाळ मोकळं ठेव, केसांच्या रेषेपासून सुरुवात कर. आणि शिकवताना "हे खोसा बायकांचं, ह्याला इकिया म्हणतात" एवढं प्रत्येकीला सांग.

सुईदोरा, म्हापसा

ती शुक्रवारी बाजाराच्या दिवशी दुसरा तुकडा न्यायला येणार आहे. तिच्याकडूनच पुन्हा दोनदा बांधून घेते, ह्या वेळी आरशासमोर. 'इकिया' म्हणायची सवय सकाळपासून चालू आहे. टक्क आवाज अजून येत नाही. मशीनवरची मुलगी विचारते, ताई, जीभ भाजली का?