झुंबा क्लासमध्ये मास्क घालायचा की काढायचा?

मेहरूणकर_ताई (जळगाव)
नमस्कार सगळ्यांना. आमच्या कॉलनीतल्या बायकांचा झुंबा क्लास यंदा, 2021 च्या संक्रांतीनंतर परत सुरू झालाय. वरच्या मजल्यावरचा हॉल, पंधरा-सोळा जणी असतो आणि थंडी म्हणून खिडक्या लावून घेतात. मॅडम म्हणतात दारापर्यंत मास्क लावा, आत आलं की काढा, मास्क लावून उड्या मारल्या तर आपलाच कार्बन डायऑक्साइड परत आत जातो आणि चक्कर येते. मी लावूनच करते, पण तिसऱ्या गाण्यापर्यंत तो घामाने ओला होऊन नाकाला चिकटतो, मग एका हाताने ओढून धरायचा आणि दुसऱ्या हाताने स्टेप्स करायच्या. बाकीच्या म्हणतात आता कुठे राहिलाय कोरोना. घरी सासूबाई आहेत, त्यांना शुगर आहे, गेल्या पावसाळ्यात आमच्या गल्लीत काय काय झालं ते डोळ्यासमोर आहे. पण क्लास पण सोडवत नाही, लॉकडाऊनमध्ये धरलेले गुडघे आत्ता कुठे मोकळे झालेत. मास्कने खरंच काही होतं का? आणि मॅडमना सांगायचं कसं?

पाटील_यावल
ताई जोरात व्यायाम करताना मास्क लावू नका असं डब्ल्यूएचओनेच सांगितलंय, मॅडमचं काही चूक नाही. मी पोलीस भरतीची तयारी करतोय, आमचा ग्रुप रोज पहाटे पळतो, कोणीच लावत नाही आणि अजूनपर्यंत कोणाला काही झालं नाही. सातपुड्याकडचा रस्ता, बठ्ठं उघडं शे. दम लागल्यावर तोंड बांधलेलं असलं की जीव घाबरतो हे मात्र खरंय.

सिस्टर_धुळे
पाटील भाऊ, तुम्ही उघड्यावर पळता आणि ताई खिडक्या लावलेल्या हॉलमध्ये नाचतात, इथेच सगळा फरक आहे. डब्ल्यूएचओने मास्क नको म्हणताना अंतर ठेवा असं पण सांगितलंय, ते कोणी पुढे सांगतच नाही.

ताई, कार्बन डायऑक्साइडची भीती काढून टाका. तो वायू कापडातून सहज आरपार जातो, मास्कमध्ये साठून विषबाधा वगैरे होत नाही. त्रास होतो तो ओल्या कापडाचा, भिजलं की त्यातून हवा नीट येत नाही म्हणून गुदमरल्यासारखं होतं. तीन पदरी सुती मास्क घ्या, दोन जास्तीचे पिशवीत ठेवा आणि भिजला की बाहेर जाऊन बदला. व्हॉल्व्हवाला एन-95 नको, आपण सोडलेला श्वास त्या व्हॉल्व्हमधून न गाळता बाहेर पडतो, केंद्राने जुलै 2020 मध्येच राज्यांना तसं कळवलं होतं. आणि चक्कर आली, छातीत दाटलं तर तिथेच थांबायचं, गाणं संपायची वाट बघायची नाही.

आता झुंबाचंच उदाहरण सांगते. दक्षिण कोरियात चेओनान शहरात 2020 च्या फेब्रुवारीत फिटनेस डान्स शिकवणाऱ्यांचं वर्कशॉप झालं, तिथून लागण घेऊन टीचर आपापल्या क्लासला गेले आणि 9 मार्चपर्यंत 12 ठिकाणच्या क्लासशी जोडलेल्या 112 केसेस निघाल्या. खोल्या साधारण 60 चौरस मीटरच्या, क्लास 50 मिनिटांचा. त्यातच एक टीचर पिलाटेस (सावकाश करायचा व्यायामप्रकार) आणि योगा शिकवायची, तिला पण लागण होती पण तिच्या विद्यार्थ्यांमध्ये एकालाही झाली नाही. शिवाय जिथे पाचपेक्षा कमी जण होते तिथे पण केस नव्हती. म्हणजे बंद खोली, गर्दी आणि जोरजोरात श्वास हे तिन्ही एकत्र आलं की काम बिघडतं. मास्कने धोका कमी होतो, पण खिडक्या बंद ठेवून नुसत्या मास्कच्या भरवशावर राहू नका.

आमचं, म्हणजे दवाखान्यातल्यांचं, लसीकरण 16 जानेवारी 2021 पासून सुरू झालंय, सासूबाईंचा नंबर अजून यायचाय. तोवर सांभाळाच हो. कोविड वॉर्डात ड्युटी केलीय म्हणून इतकं कळकळीने लिहितेय.

योग_भुसावळ
मी योगवर्ग घेते म्हणून नियमांचं सांगते. केंद्राची 3 ऑगस्ट 2020 ची नियमावली आहे, त्यात माणशी 4 चौरस मीटर जागा, एकमेकांत 6 फूट अंतर आणि आवारात कायम मास्क असं आहे. व्यायाम करताना शक्यतो फक्त व्हायझर (चेहऱ्यासमोर लावायची पारदर्शक ढाल) चालेल असं म्हटलंय, त्याचाच आधार घेऊन सगळे मास्क काढायला सांगतात. पण त्याच नियमावलीत 65 च्या वरच्यांनी आणि शुगर-बीपीवाल्यांनी बंद जागेतल्या व्यायामाला येऊच नये असंही आहे आणि हास्ययोगाला तर सरळ बंदी आहे. आपल्याकडे महाराष्ट्रात 25 ऑक्टोबर 2020 ला दसऱ्याला जिम उघडल्या तेव्हा सुद्धा झुंबा आणि सामूहिक व्यायामाला परवानगी नव्हती. मॅडमना हे दाखवा, भांडण होणार नाही.

मी स्वतः वर्ग गच्चीवर नेलाय. सतरंजी ज्याची त्याने घरून आणायची, मी खडूने चौकोन आखून ठेवते. ओंकार, कपालभाती सध्या घरी करायला सांगितलंय. ज्यांना मास्कमध्ये दम लागतो त्यांना मी आसनं सावकाश करायला लावते, मास्क काढायला सांगत नाही. शिकवणाऱ्याने तर लावलाच पाहिजे, सगळ्यात जास्त ओरडते कोण? मीच ना!

पाटील_यावल
सिस्टर, पटलं. जिममध्ये जायचं ठरवत होतो, आता भरतीपर्यंत बाहेरच पळतो.

व्हायझरवाला_चाळीसगाव
नुसता व्हायझर लावला तर चालेल का हो? माझ्याकडे आहे पडलेला.

सिस्टर_धुळे
नाही भाऊ, खालून आणि बाजूने उघडाच असतो तो. समोरून उडणारे थेंब अडतील, पण हॉलमध्ये तरंगत राहतं ते नाही अडणार. मास्कवरून लावा.

मेहरूणकर_ताई (जळगाव)
सगळ्यांचे मनापासून आभार. मॅडमना कोरियाचं वाचून दाखवलं, त्या आधी गप्प बसल्या मग म्हणाल्या की हॉलचं भाडं महिन्याचं भरलंय. त्यांचं पण खरंय, वर्षभर क्लास बंद होता, त्यांचं घर त्याच्यावरच चालतं. शेवटी आम्ही दोन बॅच करायचं ठरवलं, आठ-आठ जणी, खिडक्या सताड उघड्या, मास्क सगळ्यांना आणि मॅडमनी ओरडायच्या ऐवजी शिट्टी... नाही, शिट्टीत पण फुंकच आली, हाताने खुणा करतील. फेब्रुवारीत थंडी कमी झाली की मेहरूण तलावाजवळ मोकळ्या जागेत घेऊ म्हणाल्यात. सकाळी सातला तिथे फिरणाऱ्यांची गर्दी कितपत असते, कोणी जातं का रोज?