अनुभव धागा: ह्यांची शुगर, तिचं वजन आणि आपलं स्वयंपाकघर

ठाणे
मागच्या मंगळवारी ह्यांचा रिपोर्ट आला. एचबीएवनसी, म्हणजे तीन महिन्यांच्या शुगरची सरासरी, ६.३. दिवाळीच्या आधी ९.१ होतं. लॅबचा लिफाफा ह्यांनी गाडीतच फोडला आणि पहिला फोन केला तो नाशिकच्या बहिणीला. आठ महिने रात्रीचा कुकर न लावणारी मी, आणि बातमी आधी नणंदेला! असो.

केलं काय, तर कर्बोदकं कमी. पूर्ण बंद नाहीत. आधी तीन पोळ्या, वर वाटीभर भात, बटाट्याची भाजी आणि चार वाजता चहाबरोबर खारी. आता एकच पोळी, तीही दुपारी. बाकी दोन वाट्या पालेभाजी किंवा दुधी-दोडका, पनीर नाहीतर दोन अंडी, अर्धी वाटी घट्ट वरण, काकडी, ताक. पहिले पंधरा दिवस घरात सुतक असल्यासारखं. 'जेवलो असं वाटतच नाही' हे वाक्य मी रोज रात्री ऐकलं. वजन ८४ वरून ७५. त्यातले पहिल्या आठवड्यातले अडीच किलो बरंचसं पाणीच होतं, असं डॉक्टरांनी सांगून टाकलं, त्यामुळे तेव्हाचे पेढे राहिले.

आमची चूक मात्र सांगते. ह्यांना ग्लिमेपिराइड चालू होती. जेवण बदललं आणि डॉक्टरांना कळवलंच नाही. चौथ्या दिवशी अकरा वाजता ऑफिसात हात थरथरले, शर्ट घामाने भिजला. शुगर ५८. ही गोळी शरीराला इन्सुलिन सोडायला लावते, मग तुम्ही पोळी खाल्लेली असो की नसो. दुसऱ्या दिवशी डोस निम्मा झाला, दोन महिन्यांनी गोळी बंद. शुगरची दुसरी गोळी, मेटफॉर्मिन, अजून आहे.

तुमच्या घरी कोणी केलंय? स्वतःचं नको, जोडीदाराचं लिहा. पथ्य करणाऱ्याला फक्त काय खाल्लं तेवढं आठवतं. डब्यात काय उरून आलं ते रांधणाऱ्याला माहीत असतं.

लातूर
ताई, आमच्याकडची गोष्ट भाकरीची. मालकांना शुगर निघाली तसं सगळं गाव सांगायला लागलं, पोळी सोडा, ज्वारी धरा. त्यांनी लगेच धरली. दोन पोळ्या खाणारा माणूस तीन भाकरी खायला लागला, औषध म्हणून. तीन महिन्यांनी शुगर तिथंच.

मग माझी भाची सुट्टीला आली, ती आहारशास्त्र शिकते. तिनं सोनाराकडं असतो तसला छोटा काटा काढून परातीशेजारी ठेवला. मी सवयीनं मूठ मूठ पीठ घेतलं. एका भाकरीला ७० ग्रॅम. म्हणाली, मामी, यात कर्बोदकं पन्नासाच्या आसपास झाली, आणि एवढ्याच गव्हाच्या पिठातबी तेवढीच. तीन भाकऱ्या म्हणजे दीडशे ग्रॅम, तेबी एका बसणीला. मी तिला म्हणलं, हळू बोल, आतमदी सासूबाई आहेत. आयसीएमआर, म्हणजे वैद्यकीय संशोधनाची सरकारी संस्था, तिच्या देशभरच्या पाहणीतबी हेच आलंय म्हणं. आपल्या ताटातल्या साठ टक्क्यांहून जास्त कॅलरी कर्बोदकांच्या, आणि तांदळाच्या जागी गहू किंवा भरडधान्य नुसतं बदलून भागत नाही, एकूण माप कमी करावं लागतं.

आता दुपारी एक भाकरी, रात्री अर्धी. पण अर्ध्या भाकरीवर शेतातलं माणूस झोपणार कसं? म्हणून शेंगदाण्याचं कूट घालून मेथी, अंड्याची भुर्जी, कधी मटकीची उसळ. पिठलं पातळ करते, बेसनातबी कर्बोदकं आहेतच, पण डाळीचं असल्यानं पोटाला धरतं. सहा महिन्यांत उपाशीपोटी शुगर १८८ ची १२१ झाली. पायाची आग रात्री कमी झाली असं ते म्हणतात. मला जे दिसतं ते सांगते: आधी जेवून उठलं की लिंबाखाली बाजेवर घोरायचे, आता तीन वाजता मोटार चालू करायला स्वतः जातात.

हुरड्याचे पंधरा दिवस मात्र सगळं पाण्यात. त्यावर माझ्याकडं उपाय नाही.

रत्नागिरी
माशात कर्बोदकं जवळजवळ नसतात हे कळल्यावर आमच्या घरात जो आनंद झाला तो मुलगा पास झाला तेव्हाही झाला नव्हता. बांगडा तव्यावर रव्याशिवाय, हळद-मीठ-तिखट लावून. अडचण वेगळीच आली. ताटात भात नाही, मग कालवण ओतायचं कशात? हे चार दिवस वाटी हातात धरून बसले होते. शेवटी सूप पितात तसं प्यायला लागले आणि आता बाहेरही वाटी मागतात, मला लाज वाटते.

ट्रायग्लिसराइड्स, म्हणजे रक्तातली चरबी, ३१० वरून १४०. पण एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, ११८ वरून १७१ वर गेलं, हेही लिहायला हवं. सगळं छानच होतं असं नाही. डॉक्टरांनी खोबरं आणि तळण कमी करायला लावलं, आणि दर तीन महिन्यांनी हे आकडे बघायला सांगितलंय. सोलकढी आठवड्यातून एकदा. कोकणात राहून.

पुणे
इथे उलटा प्रकार. पथ्य बायकोचं, ओट्यापाशी मी. तिला पीसीओएस, म्हणजे अंडाशयाचा हार्मोनचा त्रास, पाळी दोन-दोन महिने यायची नाही. यात अनेकदा शरीर इन्सुलिनला दाद देत नाही, म्हणून कर्बोदकं कमी करून बघा असं डॉक्टर म्हणाल्या. पाच महिन्यांत सात किलो उतरलं आणि पाळी चौतीस-पस्तीस दिवसांवर आली. तिची चिडचिड कमी झाली असं लिहिणार होतो, पण ती हे वाचणार आहे.

मी फ्लॉवर किसून भात करतो. मुलीने त्याला 'खोटा भात' नाव ठेवलंय. झाकण ठेवून शिजवू नका, पाणी सुटून लगदा होतो. मोठ्या आचेवर उघड्या कढईत तीन-चार मिनिटं, बस.

न्यू जर्सी
नवऱ्याच्या दंडावर दोन आठवडे शुगर मोजणारा सेन्सर लावला होता, फोनवर आलेख दिसायचा. पोहे: १९२. दोन अंड्यांचं ऑम्लेट आणि चीज: ११८. आषाढी एकादशीला साबुदाण्याची खिचडी, वर रताळ्याचा कीस: २४१! साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च, हे वाचलं होतं. पण तो डोंगर फोनवर चढताना बघणं वेगळं. एकादशी अन् दुप्पट खाशी म्हणतात ते आमच्याकडे आकड्यात दिसलं. सासूबाईंना व्हिडिओ कॉलवर आलेख दाखवला तर म्हणाल्या, यंत्र बिघडलंय.

आता उपवासाला दही, शेंगदाणे, काकडीची कोशिंबीर. एचबीएवनसी ७.८ वरून ६.६.

कोल्हापूर
माझं औषधांचं दुकान आहे, म्हणून मध्येच बोलतो. शुगरच्या गोळ्यांपैकी डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन चालू असेल तर कर्बोदकं एकदम तोडू नका. शुगर फार वाढलेली नसतानाही रक्तात आम्ल साठू शकतं. उलट्या, पोटदुखी, धाप लागली तर शुगर बरी दिसते म्हणून घरी थांबायचं नाही, थेट दवाखाना. बीपीच्या गोळ्यांचंही बघून घ्या, वजन उतरलं की प्रेशर खाली जातं आणि उठताना चक्कर येते. इन्सुलिनवाल्यांनी तर डॉक्टरांशिवाय पाऊलच टाकू नये.

नागपूर
आमच्याकडे नाही जमलं, तेही लिहून ठेवतो. डॉ. जिचकार आमच्या गावचे, त्यामुळे दोनदा जेवायचं, पंचावन्न मिनिटांत उरकायचं, हे इथे घरोघरी. आम्ही त्यांचंच पुढे नेणाऱ्या डॉ. दीक्षितांचं वेळापत्रक आणि हे लो-कार्ब दोन्ही एकत्र सुरू केलं. दोन्ही वेगळ्या गोष्टी आहेत हे कोणी सांगितलं नाही, आणि आम्हीही विचारलं नाही. सौ.ला बद्धकोष्ठ झालं, डोकं दुखायचं, आणि महिन्याने तपासणीत क्रिएटिनिन, म्हणजे किडनीचं काम दाखवणारा आकडा, वाढलेलं. किडनी आधीपासूनच नाजूक होती, ते आम्हाला तेव्हा कळलं. डॉक्टरांनी अंडी-पनीरचा मारा थांबवला. आता साधं जेवण, भात निम्मा, संध्याकाळी फुटाळ्यापर्यंत चालणं. साखर ठीक आहे. आधी किडनीची तपासणी करून घ्या एवढंच म्हणेन.

लातूर
नागपूरच्या दादा, बरं झालं सांगितलं. उद्याच मालकांचं क्रिएटिनिन बघायला लावते.

डोंबिवली
आमच्या ह्यांचं एचबीएवनसी ८.४ वरून ७.२ वर आलं. डबा मी देते: पनीर भुर्जी, कोबी, एक फुलका. हिशोबाने सातच्या खाली यायला हवं होतं, आणि मला तीन महिने कोडं सुटत नव्हतं. मागच्या शनिवारी मशीन लावताना ऑफिसच्या पँटच्या खिशात कागद लागला. वर्तमानपत्राचा चतकोर तुकडा, तेलाचा गोल डाग, कडेला लसणाची लाल चटणी वाळलेली. मी तो जेवताना ह्यांच्या ताटाशेजारी ठेवला, काही बोलले नाही. हे म्हणाले, "अगं, पाव कावळ्याला टाकला. फक्त वडा खाल्ला."
मी विचारलं, वड्यात काय असतं?
"बेसन," म्हणाले.

ठाणे
डोंबिवली, काल रात्री तुझं वाचून मी ह्यांच्या कपाटात बघितलं. मोज्यांच्या मागे खारीचा डबा होता. अर्धा रिकामा. आज नाशिकला फोन मी करणार आहे.