मदत हवी आहे: पत्रकार-सुरक्षा प्रकल्पाचं मूल्यमापन कसं करावं?

नमस्कार मंडळी. कोकणातल्या तालुका पत्रकारांना एका संस्थेने दोन वर्षं सुरक्षा प्रशिक्षण आणि कायदेशीर मदत दिली. त्याचं मूल्यमापन माझ्याकडे आलंय. शिबिरं मोजणं सोपं आहे. पण २०२३ मध्ये राजापुरात पत्रकार शशिकांत वारिशे यांची हत्या झाल्यापासून एकच प्रश्न छळतो: माणूस खरंच सुरक्षित झाला का, हे ओळखायचं कशावरून? धमक्यांच्या तक्रारी वाढल्या तर धोका वाढला म्हणायचं, की बोलायचं धैर्य? भीतीपोटी न लिहिलेल्या बातम्या कशा मोजायच्या? २०१७ चा पत्रकार संरक्षण कायदा पोलीस ठाण्यात किती वेळा लावला जातो, तेही बघायचंय. आणि मुलाखती गुप्त कशा ठेवता? तालुक्यात पत्रकार मोजकेच, नाव गाळलं तरी माणूस ओळखू येतो. असं काम केलेल्यांनी कृपया सांगा, अहवाल लिहायच्या आधी.