कोशात अळी पूर्णपणे विरघळते का?

कोशात अळीचे संपूर्ण शरीर द्रवरूप होते आणि त्यातून फुलपाखरू नव्याने घडते, असे अनेकदा सांगितले जाते. माझ्या मते ते अर्धेच खरे आहे. अळीचे बरेचसे स्नायू आणि पचनसंस्थेचा मोठा भाग विघटित होतो हे बरोबर, परंतु पंखांसारख्या अवयवांची बीजे म्हणता येतील असे पेशींचे लहान पुंजके अळीच्या शरीरात आधीपासूनच असतात, आणि बाल-संप्रेरकाचे (अळीला अळीच ठेवणाऱ्या संप्रेरकाचे) प्रमाण घटून एक्डायसोनचे (कात टाकण्यास व रूपांतरास चालना देणाऱ्या संप्रेरकाचे) वाढले की तेच पुंजके झपाट्याने वाढून आकार घेऊ लागतात. श्वासनलिका टिकून राहतात. मज्जासंस्थेची पुनर्रचना होते, पण ती पुसली जात नाही.

याचा सर्वांत लक्षवेधी पुरावा 2008 मधील एका प्रयोगातून मिळाला. तंबाखूवरील पतंगाच्या अळ्यांना विशिष्ट वासासोबत विजेचा सौम्य झटका दिला असता, अळी-अवस्थेच्या अखेरच्या टप्प्यात हे शिकलेल्या बऱ्याच अळ्या पतंग झाल्यावरही तो वास टाळत होत्या. त्याआधीच्या टप्प्यात शिकलेल्यांना मात्र ते आठवले नाही. मेंदूतील स्मृतीशी निगडित भाग उशिरा विकसित होतो, त्यामुळे असे घडत असावे, असे संशोधकांचे अनुमान आहे. सारेच विरघळत असते, तर ही स्मृती राहिली कुठे?

जाता जाता, 'कोश म्हणजे निश्चल झोप' हा समजही सर्व कीटकांना लागू नाही. डासाचा कोश पाण्यात चांगलाच पोहतो, फक्त काही खात नाही.