कुशल मनुष्यबळासाठी देशांची चढाओढ : परिचारिकेने काय पाहावे?

प्रश्न (परळ): माझी धाकटी बहीण परिचारिका आहे. भारतीय कुशल कामगारांसाठीच्या वार्षिक व्हिसांची संख्या २० हजारांवरून ९० हजारांवर नेण्याचे जर्मनीने २०२४ मध्ये जाहीर केले. कॅनडा तर १९६७ पासून गुणपद्धतीने, म्हणजे शिक्षण, भाषा अशा बाबींना गुण देऊन, स्थलांतरित निवडत आला आहे. तिने देशाची निवड कशाच्या आधारे करावी?

उत्तर (ठाणे): आकड्यांपेक्षा पात्रतेची मान्यता आणि कायमच्या वास्तव्याचा मार्ग पाहावा. जर्मनीत परिचारिकेला पदवीची मान्यता मिळवावी लागते आणि त्यासाठी बहुधा बी-२ पातळीची, म्हणजे कामकाज सहज करता येईल इतकी, जर्मन भाषा यावी लागते, म्हणजे घर चालवत किमान वर्षभर अभ्यास आलाच. अमेरिकेत रोजगारावर आधारित ग्रीन कार्डांपैकी (कायमच्या वास्तव्याच्या परवान्यांपैकी) कोणत्याही एका देशाला साधारणपणे ७ टक्क्यांहून अधिक मिळत नसल्याने भारतीयांची रांग वर्षानुवर्षे लांबते, आणि हे मला सरळसरळ अन्यायाचे वाटते.

उत्तर (दादर): ताई, महाराष्ट्र शासनाने जर्मनीतील बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी २०२४ मध्ये कुशल मनुष्यबळासाठी करार केला आहे, त्याची चौकशी आधी करा. खासगी संस्थेमार्फत जायचे ठरल्यास तिची नोंदणी परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर तपासल्याशिवाय एक रुपयाही देऊ नका.