टेकडीवरचा वणवा : जाळरेषा कापून काढायची की जाळून? आणि अंडी, झाडं, उपविधी यांचं काय?

पूर्वेचा_वॉर्ड

नमस्कार मंडळी. आमची क वर्ग नगरपरिषद. गावाच्या पूर्वेला टेकडी, पायथ्याला बैठी वस्ती, दोन सोसायट्या आणि शाळेचं मैदान. माथ्याकडचा भाग राखीव वन, मधला पट्टा नगरपरिषदेकडचं गायरान, खालचे काही गट खासगी. होळीच्या आगेमागे टेकडी पेटते आणि आग वस्तीच्या कुंपणापर्यंत येते. यंदा पायथ्याने एक किलोमीटर जाळरेषा, म्हणजे आग पुढे सरकू नये म्हणून गवत काढून मोकळा केलेला पट्टा, काढायचा विषय सभेपुढे आहे.

बांधकाम विभाग म्हणतो, जेसीबी लावून दोन दिवसांत चर मारून टाकू. अग्निशमनवाले म्हणतात, मार्चमध्ये पट्टा जाळून मोकळे होऊ. पक्षीनिरीक्षकांनी पत्र दिलंय की टिटवी, रातवा, तितर जमिनीवर अंडी घालतात, जाळलंत तर वन विभागाकडे तक्रार जाईल. शिवाय पट्ट्यात कडुनिंब, खैर, बोर अशी बरीच झाडं येतात. त्यांना वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते की नाही, यावर कार्यालयातच दोन मतं आहेत.

रुंदी किती धरावी, महिना कोणता, आणि उपविधी करून खासगी प्लॉटवाल्यांना गवत काढायला लावता येईल का? जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावं.

कुसळी

महिना चुकलाय, म्हणून बाकीची भांडणं उभी राहिली आहेत. वन विभाग आगीचा हंगाम १५ फेब्रुवारी ते १५ जून धरतो आणि जाळरेषांची कामं त्याआधी उरकायची असतात. मार्चमध्ये पट्टा पेटवायचा म्हणजे शेजारचं गवत कडकडीत, दुपारचा वारा सुटलेला आणि टिटवीची वीण सुरू झालेली. आग हाताबाहेर जाण्याची आणि तक्रार होण्याची दोन्ही कारणं एकाच दिवशी गाठ पडतात.

सुरुवात जाळरेषेपासून नाही, चाऱ्यापासून करा. ऑक्टोबरच्या मध्यापासून गवत अर्धवट हिरवं असतं, तेव्हा पशुपालकांना आणि गोशाळांना गायरानावरची कापणी खुली करा. लिलाव केलात तरी बोली नाममात्र ठेवा. तुम्हाला पैसे नकोत, जळण कमी करायचंय. टेकडीवर कुसळी गवत असेल तर घाई करा. एकदा कुसळं धरली की जनावर तोंड लावत नाही आणि फुकट दिलं तरी कोणी विळा घेऊन येत नाही. पवन्या, मारवेल ही चाऱ्याची गवतं असतील तर थोडी सवड मिळते. 'जाळलं की गवत जोमानं येतं' असं गावोगाव ऐकायला मिळतं. येतं खरं, पण वर्षानुवर्षं जाळलेल्या माळावर कुसळीच माजते, चांगला चारा मागे पडतो.

जाळरेषा डिसेंबर-जानेवारीत. सपाटीला ६ मीटर, घरांच्या थेट वर चढ असेल तिथे १० ते १२. एक किलोमीटरला ६ मीटर म्हणजे ०.६ हेक्टर, साधारण दीड एकर. एवढ्या कामाला जाळायची गरजच नाही. कापा, दंताळ्याने ओढा, उचलून न्या, जमीन उघडी करा. गवत मुळापासून उपटू नका. मुळं राहिली तर पावसात माती धरून राहते.

जिथे खडक आणि झुडपांमुळे कापणं जमतच नाही तेवढाच तुकडा जाळा. आधी दोन्ही कडांना दीड-दीड मीटर पट्टी अगदी मातीपर्यंत साफ करायची, निघालेलं गवत मधल्या भागात ओढायचं, एक-दोन दिवस तसंच ठेवायचं. या दिवसांत पट्ट्यातले ससे, सरडे, घोरपडी बहुतेक आपणहून सरकतात. मग वरच्या कडेने पेटवून आग उताराकडे, वाऱ्याविरुद्ध चालवायची. ती संथ चालते आणि ज्वाळा बुटक्या राहतात. एक टोक कायम मोकळं. चारी बाजूंनी लावलीत तर आतलं जनावर अडकतं आणि मधोमध धूर-ज्वाळेचा उभा लोट उठून ठिणग्या बाहेर पडतात. थंडीत भल्या पहाटे पेटवू नका; दव असल्याने माणसाला सोयीचं वाटतं, पण साप-सरडे गारठलेले असतात, हलत नाहीत. ऊन अंगावर आलं की सुरू करा आणि अकराच्या आत हात धुवा.

जेसीबीचा विचार सोडा. उताराला सरळ मारलेला चर पहिल्या पावसात ओढा होतो आणि गाळ त्याच सोसायट्यांच्या पार्किंगमध्ये येतो. मुरूम निघाला की गौण खनिज काढण्याच्या परवानगीचा प्रश्न वेगळाच.

होजरील

वरच्या उत्तराशी सहमत. अग्निशमनाच्या बाजूने थोडं.

बंब टेकडीवर चढणार नाही हे गृहीत धरा. पायथ्याला उभा करून होज (बंबाचा पाण्याचा पाइप) वर न्यायचा म्हटलं तर दर १० मीटर उंचीला सुमारे १ बार दाब जातो. पंप ७ बारला चालवला आणि ४० मीटर वर गेलात तर ४ बार चढातच संपले. उरलेल्या तीनातून १५-१५ मीटरच्या होजांचं घर्षण वजा करा. नोझलला धार नावालाच राहते. म्हणून बंबाचं पाणी घरांच्या मागच्या ओळीसाठी राखून ठेवा आणि टेकडीवर माणसं, ब्लोअर (हवेचा जोरदार झोत मारणारं यंत्र), झोडपणी यांवर काम करा.

एका तुकडीत पाच-सहा जण असावेत. एक ब्लोअरवाला, त्याच्या मागे दोघं हिरव्या डहाळ्या किंवा फायर बीटर (आग झोडपायचा दांडा) घेऊन, एक १६ लिटरचा फवारणी पंप पाठीवर, एक दंताळेवाला आणि एक जण फक्त वारा आणि परतीची वाट बघणारा. हा शेवटचा माणूस कामाला जुंपायचा नाही. लोक नेमकं तेच करतात. ब्लोअरचा झोत जळालेल्या बाजूकडे, आगीच्या बुडाशी तिरका धरायचा. समोरून मारलात तर आग पुढच्या गवतात फेकली जाते. ब्लोअर फक्त गवताच्या आगीला. घाणेरीची जाळी पेटली असेल तर त्याच्या नादी लागू नका, मागे सरून पुढची पट्टी साफ करा. आग खालून वर धावत असेल तर तिच्या वरच्या अंगाला कोणीही उभं राहायचं नाही. जळून काळी झालेली जमीन हीच सुरक्षित जागा.

कपडे सुती, अंगभर, पायात चामडी बूट. नायलॉनचं जाकीट अंगाला चिकटतं.

आता ब्रश कटर, म्हणजे गवत कापायचं हातयंत्र. आपल्याकडच्या काळ्या दगडावर लोखंडी पातं आपटलं की ठिणगी पडते, आणि जाळरेषा काढतानाच वणवा लागतो. खडकाळ जागी नायलॉन दोरीचं मुंडकं लावा, काम सकाळीच आटपा, प्रत्येक यंत्रामागे भरलेला फवारणी पंप ठेवा. गरम इंजिनात पेट्रोल ओतायचं नाही. थंड होऊ द्या आणि टाकी गवतावर नाही, उघड्या मातीवर ठेवून भरा.

आणि शेण. वाळलेला पो वरून राख दिसतो आणि आत तासन्‌तास धुमसतो. संध्याकाळी वारा आला किंवा तो उतारावरून घरंगळला की जाळरेषेच्या पलीकडे नवी आग. विझवून झाल्यावर कडेपासून आत दहा-पंधरा मीटरपर्यंतचा प्रत्येक पो आणि ओंडका फोडून पाणी मारायचं, तासाभराने पुन्हा फिरून यायचं.

माळरान_टिपणं

पत्र देणाऱ्यांची बाजू रास्त आहे, पण एक गोष्ट दोन्हीकडून सुटलीय. जानेवारीत साफ केलेला, बारीक खडीचा उघडा पट्टा टिटवीला आणि माळटिटवीला घरट्यासाठी अगदी हवा तसाच असतो. मार्च-एप्रिलमध्ये त्या तिथेच येऊन बसतील. म्हणजे खरा धोका पहिल्या साफसफाईत नाही, एप्रिलमधल्या दुसऱ्या हातात आहे. पालापाचोळा पुन्हा साचतो, ठेकेदाराची माणसं यंत्र घेऊन येतात आणि अंड्यांवरून जातात.

त्यामुळे दुसऱ्या हाताआधी दोघांनी पट्टा चालून बघावा. टिटवी माणूस जवळ आला की डोक्यावर घिरट्या घालत ओरडते. ओरडा वाढेल तिकडे घरटं जवळ. तीन-चार अंडी, मातकट रंगावर काळे ठिपके, भोवती खडे. पायाखाली येईपर्यंत दिसत नाहीत. घरट्यापाशी काठी, झेंडा, रंगीत रिबन काही लावू नका. कावळे आणि कुत्री खुणा लगेच शिकतात. आठ-दहा पावलांवर दोन दगड एकावर एक ठेवा आणि जागा मोबाइलवर नोंदवा. तेवढा तुकडा हाताने, दुरूनच झाडायचा. अंडी उबवायला साधारण चार आठवडे लागतात, पिल्लं बाहेर आली की लगेच चालू लागतात, त्यामुळे अडचण महिन्याभराचीच. रातवा मात्र ओरडत नाही, पाचोळ्यात बसून राहतो, म्हणून झाडाखालचा पाचोळा यंत्राने नाही, हातानेच काढा.

वारुळं आणि बिळं असतील तिथे पट्टा दोन मीटर वळवा. घोरपड तिथे असते आणि ती वन्यजीव कायद्याच्या अनुसूची १ मध्ये, म्हणजे सर्वात कडक संरक्षणाच्या यादीत आहे. जाळरेषा पट्टीने आखलेली असायलाच हवी असं काही नाही.

कागदी_घोडा

कायद्याचं बघू. पहिलं काम मोजणीचं. जो भाग राखीव वन आहे तिथे नगरपरिषदेने विळासुद्धा नेऊ नये. वनक्षेत्रपालांना पत्र देऊन त्यांच्याकडून काम करून घ्या. जाळरेषा म्हणजे वनेतर वापर नव्हे, १९८० च्या वन अधिनियमातच तिला वनसंवर्धनाचं काम म्हटलंय. त्यामुळे केंद्राच्या मंजुरीची भीती घालणाऱ्यांकडे लक्ष देऊ नका. पण ते काम वन विभागाचं. उलट बाजूने, तुमच्या गायरानावर लावलेली आग राखीव वनाला धोका होईल अशी सोडली, तरी भारतीय वन अधिनियम १९२७ चं कलम २६ लागू शकतं. म्हणून जाळायचा तुकडा असेल तर तारीख आणि वेळ वनपालांना लेखी कळवा, जागेवर वनरक्षक मागून घ्या.

झाडांचा वाद सोपा आहे. १९७५ च्या झाडांच्या अधिनियमात झाड तोडण्याच्या व्याख्येतच जाळणं आणि इजा करणं येतं. कुऱ्हाड लावली नाही, नुसतं गवत जाळताना बुंधे होरपळले, असं म्हणून सुटका नाही. गवत कापायला प्राधिकरणाची परवानगी लागत नाही. झाड काढायचं असेल तर लागते. जमिनीलगतच्या फांद्या छाटायच्या असतील तरी उद्यान विभागाच्या टिपणीसह अर्ज टाकून ठेवा. आणि मुळात जाळरेषेत उभं झाड अडचणीचं नसतंच. बुंध्याभोवती मीटरभर गवत-पाचोळा काढला की पुरे.

अंड्यांबद्दल : वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ मध्ये शिकारीच्या व्याख्येतच पक्ष्यांची आणि सरपटणाऱ्यांची अंडी नष्ट करणं, घरटी विस्कटणं येतं. ठेक्याच्या अटींत 'मार्चपासून पूर्वपाहणीशिवाय यंत्रकाम नाही' हे वाक्य घाला. नंतर जबाबदारी कोणाची, हा प्रश्न उरत नाही.

कापलेल्या गवताचा ढीग करून तिथेच काडी लावायची हौस असते, ती आवरा. तो कचरा जाळण्यात जातो. राष्ट्रीय हरित लवादाने २०१६ च्या आदेशात उघड्यावर कचरा जाळण्याला ५,००० आणि मोठ्या प्रमाणावर जाळण्याला २५,००० रुपये भरपाई ठरवली आहे. नगरपरिषदच जाळताना दिसली तर उद्या नागरिकांना पावती कोणत्या तोंडाने फाडणार?

उपविधीचं : मसुदा, सभेची मंजुरी, हरकती-सूचना, मग वरची मंजुरी. यंदाच्या हंगामात होणार नाही. यंदा मुख्याधिकाऱ्यांच्या सहीने गटवार नोटिसा काढा आणि १५ फेब्रुवारीच्या सुमारास प्रांताधिकाऱ्यांकडून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खाली टेकडीवर शेकोटी, फटाके, धूम्रपान, कचरा जाळणे यांवर मनाई आदेश मागा. तो आदेश दोन महिन्यांपर्यंतच टिकतो, एप्रिलच्या मध्याला पुन्हा मागावा लागेल. ही तारीख हमखास विसरली जाते.

पूर्वेचा_वॉर्ड

फार उपयोगी, आभार. दोन शंका. नोटिशीत 'प्लॉट साफ करावा' एवढंच लिहिलं तर चालेल का? आणि उपग्रहाचे आगीचे इशारे येतात म्हणे, त्यावर विसंबता येईल का?

कागदी_घोडा

अजिबात नाही चालणार. 'साफ करावा' म्हटलं की मालक दोनपैकी एक करतो : काडी लावतो, नाहीतर जेसीबीने झाडांसकट सपाट करतो. मग त्याच्यावर कारवाई करताना तो तुमचीच नोटीस पुढे करतो. नोटिशीत लिहा : हद्दीपासून आत ६ मीटरपर्यंत गवत घोट्याच्या उंचीपर्यंत कापावे, जाळू नये, उभी झाडे तोडू नयेत, गवत अमुक तारखेपर्यंत चाऱ्यासाठी किंवा खत प्रकल्पाकडे न्यावे. उद्या उपविधी कराल त्यातही हीच भाषा ठेवा. तारीख डिसेंबरअखेरची.

होजरील

उपग्रहावर नको. भारतीय वन सर्वेक्षणाकडे नोंदणी केली की मोबाइलवर इशारा येतो, फुकट आहे, जरूर करा. पण आग टिपणाऱ्या व्हीआयआयआरएस या उपग्रहावरच्या उपकरणाचा एक ठिपका ३७५ मीटरचा, आणि त्याचा उपग्रह साधारण दुपारी दीड आणि रात्री दीडच्या सुमारास वरून जातो. संध्याकाळी सहाला लागलेली गवताची आग तोवर डोंगर खाऊन विझलेली असते. दुपारी बारा ते रात्री नऊ माथ्यावर दोन पहारेकरी, फेब्रुवारीच्या मध्यापासून पावसापर्यंत. त्यांच्याकडे वनरक्षकाचा, बंबाच्या चालकाचा आणि वन विभागाचा १९२६ असे नंबर कागदावर लिहून द्या, कारण आग लागते तेव्हा मोबाइलची बॅटरी उतरलेली असते. होळीच्या रात्री चौघं ठेवा, आणि पायथ्याच्या होळ्या जाळरेषेच्या गावाकडच्या बाजूला घ्यायला मंडळांना आधीच सांगा.

कुसळी

एक राहिलं. जाळरेषा गावाला टेकडीपासून वाचवते असं सगळे धरून चालतात, पण टेकडीलाही गावापासून वाचवायचं असतं. गवताची आग चढावर पळते, उतारावर रांगते. आणि पायथ्याला लागलेली आग बहुतेक वेळा कचऱ्याच्या ढिगातून किंवा विडीच्या थोटकातून आलेली असते. त्यामुळे शाळेमागचा आणि वस्तीमागचा कचरा उचलण्याचा खर्च याच शीर्षाखाली दाखवा. घंटागाडी फेब्रुवारीपासून त्या गल्लीत रोज गेली पाहिजे, दिवसाआड नाही.