मेंटेनन्स, जीएसटी आणि बी-विंगची लिफ्ट

जोशी काका (ए-302): सुर्वेसाहेब, नोटीस वाचली. मेंटेनन्स 7,400 वरून 7,900. त्यावर 18 टक्के जीएसटी, म्हणजे बिल 9,322. वाढ 500 ची आणि फटका 1,922 चा?

सुर्वे (सेक्रेटरी): नमस्कार काका. 7,500 पर्यंत माफी असते. वर गेलं की सगळ्या रकमेवर लागतो, असं आपले सीए म्हणाले. एजीएममध्ये चर्चा झाली, आपण नव्हता.

जोशी काका: मी अँजिओप्लास्टीला होतो.

सुर्वे: हो हो, तब्येतीला जपा 🙏

नाईक वहिनी (बी-601): बी-विंगची लिफ्ट 11 दिवस बंद आहे.

तेजस (ए-704): टॅक्स आपण भरायचा, सरकारने महिन्याला 1,500 वाटायचे. लाडकी बहीणला 2025-26 च्या बजेटमध्ये 36,000 कोटी. राज्यावर कर्ज 9 लाख कोटींच्या वर. रस्ते कशातून होणार?

कदम ताई (सी-103): तेजस, टॅक्स काय तू एकटाच भरतोस? तुझ्याकडे भांडी घासणाऱ्या मावशी साबणावर, तेलावर, चपलेवर जीएसटी भरतात. ते 1,500 त्याच आठवड्यात वाण्याकडे जातात, स्वित्झर्लंडला नाही.

तेजस: ताई, किराणा महिन्यात संपतो. पूल पन्नास वर्षं टिकतो.

पंकज (बी-204): कुठला पूल रे? 😂

कदम ताई: आणि 2019 ला कंपन्यांचा टॅक्स 30 चा 22 केला, तेव्हा कुणाला रेवडी आठवली नाही. त्यातून किती कारखाने उभे राहिले ते सांग.

तेजस: लगेच कोविड आला ना.

कदम ताई: बरं.

नाईक वहिनी: पुन्हा टाकते. बी-विंगची लिफ्ट 11 दिवस बंद आहे. सासूबाईंना सहा मजले चढवतेय.

शेख सर (सी-405): वाटायचं की बांधायचं, हे भांडण आपल्याकडे एकदा मिटलं होतं. पगारातून 200 रुपये व्यवसाय कर कापतात ना, तो 1975 मध्ये रोजगार हमीसाठी लागला. शहरातल्या नोकरदाराने भरला, खेड्यात बांधबंदिस्ती, विहिरी, पाझर तलाव झाले. मजुराच्या हातात पैसाही आला आणि शेताला पाणीही.

पाटील आजोबा (ए-101): 72 च्या दुष्काळात मी खडी फोडलेली आहे. सुकडी खाऊन.

पंकज: आजोबा, लिफ्टसाठी पण रोजगार हमी काढू या. वर नेणारे चार जण, खाली आणणारे चार 😀

पाटील आजोबा: तू पहिला ये.

सुर्वे: कृपया विषयावर या.

जोशी काका: हाच विषय आहे. गेल्या वर्षी सोसायटीने पैसे गेटच्या कमानीवर घातले. कमानीत बसून कोणी सहाव्या मजल्यावर जातं का?

देशमुख (खजिनदार): कमान एजीएमने मंजूर केली. आपण नव्हता.

जोशी काका: तेव्हा होतो. विरोध नोंदवलाय. मिनिट्स बघा.

पंकज: मेंटेनन्स 7,499 ठेवा. जीएसटी गायब!

देशमुख: आणि खाली पडणारे 401 तू भरणार?

तेजस: कर्ज काढा. सरकारही काढतंच.

जोशी काका: काढतं, आणि फेडताना कळतं. 2025-26 च्या केंद्राच्या बजेटमध्ये भांडवली खर्च 11.21 लाख कोटी, नुसतं व्याज 12.76 लाख कोटी. लिफ्टसाठी काढा, मी सही करतो. कमानीसाठी नाही.

कदम ताई: काकांशी पहिल्यांदाच सहमत.

देशमुख: कमान कमान काय लावलंय!

नाईक वहिनी: आज बारावा दिवस.

सुर्वे: वहिनी, लिफ्टवाला खाली आलाय. म्हणतो, मागचं बिल आधी द्या.